बाळंतिणीचा कप्पा

चिरंजीवास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. पाळणा आला, झबली-टोपडी धुऊन घड्या घालून झाली, डायपरचा तर ढीगच लागलाय. पण यात सूनबाईचं काय आहे? पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. तिच्या आईच्या गुडघ्यांमुळे या वेळी ते जमणार नाही, तेव्हा बाळंतिणीचं सामान जमवायचं काम तुझ्याकडे आलं. कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा कर आणि आठव्या महिन्यातच भरून ठेव.

ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही ते आधी सांगते. बाळंतपणानंतर साधारण चार ते सहा आठवडे अंगावरून जातं. सिझेरियन झालं तरी जातं. सुरुवातीला लाल आणि भरपूर, मग गुलाबी-तपकिरी, शेवटी पांढरट. त्याला नेहमीचे पातळ पॅड पुरत नाहीत. बाळंतिणीसाठी मोठे, मऊ पॅड मिळतात ते आण. दुकानात मागताना लाजू नकोस. सोबत सैल सुती चड्ड्या, कमरेला उंच, म्हणजे इलॅस्टिक सिझेरियनच्या टाक्यांवर येणार नाही. खाली टाके पडले तर लघवीला चुरचुरतं; तेव्हा कोमट पाणी ओतायला चोचीची प्लास्टिकची बाटली संडासात ठेव. एक घट्ट उशीही हवी. पोटावर टाके असले की खोकला-शिंक येताना ती पोटाशी धरायची. गादी जमिनीवर नको, उठता-बसता जीव जातो. पूर्वी बाळंतिणीला बाज द्यायचे ते उगीच नाही.

आता खाणं. डिंकाचे लाडू मी पाठवते. डिंक मंद आचेवर तुपात आतपर्यंत फुलला नाही तर दातांना चिकटतो, आणि तुला तेवढा धीर आहे असं मला वाटत नाही! खारीक, सुकं खोबरं, खसखस घातलेले हे लाडू महिनाभर सहज टिकतात. अळिवाचे मात्र तिथेच ताजे करायचे. अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, फुगले की ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवायचं, गोळा होत आला की वळायचे. फ्रीजमध्ये चारेक दिवस राहतात, म्हणून थोडेच कर. आणि हे बाळंतपण झाल्यावर, आधी नाही. जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा भाजून बाटलीत भर. पण लाडवांवर पोट भरत नाही. भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, खात असेल तर अंडी, हे रोज हवं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू ठेवायच्या, फक्त दोन्ही एका वेळी नाही.

बाळंतिणीला पाणी कमी द्यावं असं कोणी वडीलधारं सांगेल. मान डोलव आणि तिला पाणी दे. पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो आणि हात अडकलेले असतात. ती बसेल तिथे पाण्याची बाटली, लाडू, नॅपकिन आणि फोनचा चार्जर हाताशी ठेव, म्हणजे तिला कोणाला हाक मारावी लागणार नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी मुळीच नको, विषारी वायू साचतो. शेकायला रबरी पिशवी पुरे, तीही कमरेला, टाक्यांवर नाही.

कपाटाच्या दारावर एक कागद चिकटव. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, घाण वास आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, तर लगेच डॉक्टरांना फोन, नाहीतर १०८. रक्तदाब बाळंतपणानंतरही चढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिल्या आठवड्यात ती कारण नसताना रडेल. रडू दे, जवळ बस. दोन आठवडे उलटूनही मन उदासच राहिलं तर डॉक्टरांशी बोला. टेली मानसचा १४४१६ हा नंबरही त्याच कागदावर लिही. जिवाचं बरंवाईट करण्याचं किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर एक दिवसही थांबायचं नाही.

बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांना स्पष्ट सांग की झबली पुरे झाली, येताना भाजी-भाकरीचा डबा आणा आणि अर्ध्या तासात निघा. वाईटपणा माझ्या नावावर घाल. लाडू तारखेच्या आठ दिवस आधी पाठवते. स्टीलचा डबा आहे, परत हवा.

तुझी आत्या