सुखाचा हिशेब आणि दुःखाचा हक्क

दुबईच्या नैर्ऋत्येस असलेल्या जबल अली येथे 1979 साली बंदर सुरू झाले आणि 1985 साली मुक्त व्यापारक्षेत्र स्थापन झाले. तेथील धक्के, गोदामे आणि बांधकामे ज्यांच्या श्रमावर चालतात, त्यांत भारतीय उपखंडातून आलेल्या कामगारांचा भरणा फार मोठा आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या नियमानुसार 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर, भर उन्हात काम करून घेण्यास मनाई असून, मालकाने सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावयाची असते व नियम मोडल्यास दर कामगारामागे 5,000 दिरहम दंड भरावा लागतो. हा नियम पटण्यासाठी कोणत्याही धर्मवचनाचा आधार घ्यावा लागत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निववण्याची निसर्गाने ठेवलेली वाटच बंद होते, माणसाला भोवळ येते आणि उष्माघाताने तो दगावूही शकतो, एवढे कारण पुरेसे होते. तेव्हा प्रश्न असा की, शरीराला होणारी वेदना जर एका नियमाचा पाया होऊ शकते, तर सुख आणि दुःख हाच सगळ्या नीतीचा पाया मानावयास हरकत कोणती?

जेरेमी बेंथॅम या इंग्रज तत्त्वज्ञाने 1789 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच सिद्धान्त मांडला. कृत्याचे बरेवाईटपण त्यातून उपजणाऱ्या सुखदुःखावरून ठरवावे, आणि ते मोजताना त्याची तीव्रता, टिकण्याचा काळ, खात्री व ते किती जणांपर्यंत पोचते हे पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. यालाच पुढे उपयुक्ततावाद म्हणू लागले. राज्यकर्त्यांना या मताचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. अमिरातीने 2016 साली आनंदासाठी स्वतंत्र राज्यमंत्रीच नेमला.

मराठीत या मताची सर्वांत कसून झडती लोकमान्य टिळकांनी घेतली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ अशी दोन प्रकरणे याच विषयाला दिलेली आहेत. तेथे त्यांनी अमेरिकेतील एका शहराचा दाखला दिला आहे: ट्राम लवकर सुरू व्हावी म्हणून तिच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राममुळे हजारो लोकांची सोय झाली, तरीही लाच उघडकीस येताच त्याच्यावर खटला झालाच. पुष्कळांचे पुष्कळ सुख साधले म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही, कर्त्याची बुद्धी, म्हणजे ज्या हेतूने आणि वृत्तीने तो वागतो ती, पाहावी लागते, हा त्यांचा निष्कर्ष आजही अबाधित आहे. जबल अलीतही तो पडताळून पाहता येतो. घरचे कर्ज फेडण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे परमुलखात राबणारा माणूस स्वतःच्या सुखाची बेरीज करीत नसतो. त्याच्या वागण्यामागचे कर्तव्य सुखाच्या मापाने मोजू गेल्यास त्याचे मोलच हातून निसटते.

परंतु टिळकांच्या विवेचनातच एक मोकळी जागा राहिली आहे. सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव हे मत त्यांना मान्य नाही. सुख आणि दुःख या दोन भिन्न व स्वतंत्र वेदना, म्हणजे जाणिवा, आहेत असे ते मानतात. तसे असेल, तर सुख हा नीतीचा पाया होऊ शकत नाही हे सिद्ध केल्याने दुःखाचा दावा आपोआप खारीज होत नाही. सुख पुढे ढकलता येते, नाकारता येते, त्याविषयी प्रत्येकाची आवड वेगळी असते. पण भाजणारी कातडी आणि कोंडणारा श्वास ताबडतोब सोडवणूक मागतात आणि ती मागणी समजण्यास कोणालाही शास्त्र पढावे लागत नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने 1945 साली सुख आणि दुःख यांचे पारडे नीतीच्या दृष्टीने सारखे नाही असे लिहिले, ते याच अर्थाने.

या मोकळ्या जागेची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. 1891 साली मुलींच्या संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधास संमती देण्याच्या वयाची, मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा कोवळ्या मुलींच्या शरीराला होणारी इजा हाच मुख्य मुद्दा होता. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांवर पोसलेल्या सुधारक आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. टिळकांनी, सुधारणा परक्या सरकारने लादू नये, या भूमिकेवरून विरोध केला. त्या भूमिकेमागील स्वाभिमान खरा होता, तरीही या वादात आगरकरच बरोबर होते, कारण ज्या मुलीला वेदना होत होती तिला समाजाचे मन पालटेपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

मात्र दुःखालाही केवळ बेरजेत टाकले की बेंथॅमचाच दोष परत येतो, आणि तो दुपारच्या विश्रांतीच्या नियमात स्पष्ट दिसतो. ओतायला घेतलेले काँक्रीट किंवा डांबरीकरण मध्येच थांबवता येत नाही, पाण्याचा वा विजेचा पुरवठा तुटला तर दुरुस्ती खोळंबून चालत नाही, म्हणून अशा कामांना सूट आहे. तुटलेल्या जलवाहिनीमुळे एखाद्या वस्तीला त्या उन्हात पाणीच मिळत नसेल, तर ती सूट समजू शकते, कारण तेथे दुःखापुढे दुःखच उभे असते. पण जे काम रात्री सुरू करता आले असते ते मुदत गाठण्यासाठी दुपारी लावले असेल, तर इमारत वेळेवर झाल्याने किती जणांची किती सोय झाली याचा कोणताही हिशेब त्या निर्णयाला न्याय्य ठरवू शकत नाही.