‘नाही’ची साक्ष

बँकांच्या कर्जप्रकरणांसाठी मी जागेवर जाऊन धंद्याची पडताळणी करतो. नोकरी नाही, केसमागे पैसे. पाटी, शॉप ॲक्टची नोंदणी, माल, वीजमीटर बघायचं, शेजारी विचारायचं, फोटो काढायचे. दिसलं ते लिहिणं सोपं. ‘धंदा आढळला नाही’ लिहिताना मात्र हात थबकतो. न दिसणं हा पुरावा होतो का?

हाच प्रश्न जुन्या भारतीय तत्त्वज्ञांनाही पडला होता. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे सहावं, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. न्यायदर्शनाचे नैयायिक मात्र अभावाचं, म्हणजे वस्तू नसल्याचं, ज्ञान प्रत्यक्षातच धरतात. मला त्या वादापेक्षा त्यातली अट मोलाची वाटते: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं ठरत नाही.

ही अट मला कामातही भेटली. पुण्याजवळच्या भोसरीत एका खोलीला कुलूप होतं, पाटीही नव्हती. पण उंबऱ्याच्या फटीत हळद साचलेली, कडीवर तिखटाची लाल बोटं. चहावाला म्हणाला, “ताई सकाळीच मसाल्याचे डबे घेऊन बाजारात जातात, दिवेलागणीला येतात.” संध्याकाळी पुन्हा गेलो, तेव्हा कांडपयंत्र चालू होतं.

हे काम करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: ‘नाही’ लिहिण्याआधी एकदा वेळ बदलून जा. त्या एका शब्दावर कुणाचं तरी कर्ज अडतं.