गुणांची ठेव

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी होत, हा महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया आहे. या पायावर उभे राहून पाहिले म्हणजे मनुष्याच्या अंगच्या गुणांविषयी नेहमी होणारा एक घोटाळा उलगडतो. कोणाचा कंठ गोड असतो, कोणाची बुद्धी तीक्ष्ण असते, कोणाला एकदा ऐकलेले विसरत नाही, कोणाच्या हाताला अक्षराचे वळण असते. लोक म्हणतात, ही देवाची देणगी. हे म्हणणे श्रद्धेचे आहे. परंतु साधकाने ते थोडे निरखून पाहावे. देह, इंद्रिये व बुद्धी ही प्रपंचातील होत. ती जीवाला त्याच्या कर्मानुसार, देवतांच्या द्वारे प्राप्त होतात आणि कर्म सरले की सुटतात. परमेश्वर स्वतः जे देतो ते ज्ञान आणि प्रेम. गुण कर्माने येतो. तो कोठे लावावा हे मात्र परमेश्वराच्या ज्ञानावाचून कळत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, गुणाचा अभिमान धरण्यास जागाच उरत नाही. जे कर्मफळ म्हणून आले व फळ भोगून झाल्यावर जाणार, त्यावर जीवाने आपले नाव कोरणे व्यर्थ होय. दुसरी अशी की, तोच गुण कीर्तीसाठी खर्च केला तर त्याचे फळ कीर्तीपुरतेच राहते व तेही नाशवंत असते. मार्गाच्या सेवेत आणि दुसऱ्या जीवाच्या कल्याणात तो लावला तर जीवाची योग्यता वाढते. गुण एकच, गती मात्र दोन. म्हणून गुणाला ठेव म्हणावे. ठेव सांभाळणारा धनी नसतो आणि तिचा हिशेब त्याला चुकत नाही.

येथे एक दृष्टान्त घ्यावा. एका गावची विहीर फार खोल होती. गावाने वर्गणी करून लांब दोर केला आणि एका धडधाकट गृहस्थाच्या घरी ठेवावयास दिला. दोर झिजेल या भयाने त्याने तो माळ्यावर टाकला. सणावारी खाली काढावा, पाहुण्यांस दाखवावा, त्याचा पीळ वाखाणावा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले तेव्हा गावकरी दोर मागावयास आले. माळ्यावरून काढून पाहतात तो उंदरांनी तो जागोजाग कुरतडलेला. विहिरीत पाणी होते, गाव तहानलेला होता आणि दोरही घरात होता. पण उपयोग कशाचाच झाला नाही. तद्वत ज्ञान आहे, जिज्ञासू आहे आणि मध्ये ज्याच्याकडे सांगण्याची शक्ती आहे तो मौन धरून बसला, तर त्या जिज्ञासूच्या तहानेचा काही भाग त्याच्याकडे येतो. वापराने झिजणारा दोर पाणी देऊन झिजतो. राखलेला दोर काही न देता नासतो.

पंथाच्या आरंभकाळातील आचार्य आणि कवी यांनी ही ठेव कशी वापरली, हे पाहिले असता या विषयाचे मर्म ध्यानी येते. म्हाइंभट हे मोठे पंडित. विद्येच्या अभिमानाने ते सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी वाद करावयास आले आणि शरण गेले. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्याच विद्येला त्यांनी वेगळ्या कामास लावले. श्रीनागदेवाचार्यांच्या मुखातून लीळा ऐकाव्यात, ज्या ज्या भक्ताला सन्निधान लाभले त्याच्याकडे जाऊन विचारावे, पडताळावे आणि मग लिहावे, असा त्यांचा क्रम होता. शके 1200 च्या सुमारास सिद्ध झालेला लीळाचरित्र हा ग्रंथ या श्रमाचे फळ आहे. वादात जिंकण्यासाठी कमावलेली बुद्धी दुसऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेण्यात खर्च झाली. पंडिताला याहून कठीण तप क्वचितच असेल.

हिराइसेचा गुण याहून साधा होता. तिची स्मरणशक्ती विलक्षण होती, एवढेच. परंतु परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा तिच्या स्मरणातील पाठ उपयोगी पडला, असे परंपरा सांगते. पुढील पोथ्यांत तिच्या नावाचा शोधही नोंदलेला आढळतो. ऐकताना तिने मन लावून ऐकले होते, म्हणून देण्याची वेळ आली तेव्हा तिच्यापाशी देण्यासारखे काही होते. गुणाचा उपयोग केव्हा होईल हे जीवाला कळत नाही. तो शुद्ध व सिद्ध ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते.

महदाइसेचे धवळे सर्वांस परिचित आहेत. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी, प्रभूंची प्रवृत्ती पाहून तिने ते गाइले. धवळे म्हणजे लग्नघरी बायकांनी म्हणावयाची गाणी. तिने नवा छंद शोधण्याचा आव आणला नाही. घरोघरच्या स्त्रियांना येत होते तेच साधन घेऊन ते ईश्वराच्या चरणी वाहिले. मराठीची आद्य कवयित्री हा मान तिला पुढे शतकांनी मिळाला. गाताना तो तिच्या मनात नव्हता.

नरेंद्र कवीची गोष्ट मोहाच्या प्रसंगाची आहे. त्याचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून रामदेवराव यादव प्रसन्न झाला आणि ग्रंथावर आपले नाव घालावे, त्याबद्दल सोने द्यावे, असे त्याने सुचविले. नरेंद्राने ते नाकारले आणि पुढे तो श्रीनागदेवाचार्यांना शरण आला. वाणी विकली तर ती ज्याच्यासाठी आहे त्याची राहत नाही, हे त्याला समजले होते. भास्करभट बोरीकरांचा प्रसंग त्याहून सूक्ष्म आहे. त्यांचे शिशुपालवध काव्य म्हणून उत्तम उतरले. परंतु ते निवृत्त साधकांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय गुरुबंधूंकडून आला. भास्करभटांनी राग धरला नाही. त्यांनी पुन्हा लेखणी घेतली आणि उद्धवगीता सिद्ध केली. आपला गुण कोणाच्या कामास येत नाही हे ऐकून घेणे, हीही सेवाच होय.

आणि केशोबासांचा प्रसंग तर या सर्वांचा कळस आहे. ते संस्कृताचे अधिकारी पंडित. रत्नमालेसारखी रचना त्यांच्या हातून संस्कृतात झाली. परंतु संस्कृतात लिहिण्याविषयी श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, तसे केल्याने मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला अंतरतील. केशोबासांनी आज्ञा मानली. सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ या त्यांच्या संकलनांमुळे सर्वज्ञांची वचने मराठीत अभ्यासकाच्या हाती आली. स्वतःचा श्रेष्ठ गुण समोरच्याच्या गरजेपुढे बाजूस ठेवणे, हा गुणाचा सर्वांत जबाबदार वापर होय. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्राचे नाव अगत्याने घेतले गेले. त्या गौरवाच्या मुळाशी कोणा राजाची इच्छा नसून अशिक्षित म्हाताऱ्यांविषयीची आचार्यांची कणव आहे, हे पंथीयांनी विसरू नये.

येथे अशी शंका घेतली जाईल की, निवृत्तिमार्गी साधकाने गुण वापरला तर स्तुती येते, स्तुतीने अभिमान येतो व अभिमानाने स्मरण बिघडते. मग गुण दडवून ठेवणे बरे नव्हे काय? शंका योग्य आहे. तिचे समाधान असे की, त्याग अभिमानाचा करावयाचा आहे. गुण दडविणाऱ्याच्या ठिकाणीही अभिमान राहू शकतो. तो केवळ मूक असतो. याची कसोटी सोपी आहे. निरूपण संपल्यावर वक्त्याला काय आठवते? श्रोत्याची अडचण सुटली की नाही हे आठवत असेल तर गुण सेवेत आहे. आपण कसे बोललो हेच आठवत असेल तर तो गुण माळ्यावरच्या दोरासारखा झाला.

दुसरी शंका, ज्याच्या अंगी काहीच विशेष गुण नाही त्याने काय करावे? असा जीव विरळा. आजारी साधूच्या उशाशी रात्र काढणे, आश्रमात पाणी भरणे, वृद्ध वासनिकाला हात धरून स्थानाच्या वंदनास नेणे, यांस पांडित्य लागत नाही. वैद्यकी, शिक्षकी वा हिशेब जाणणाऱ्या सद्भक्तांनी महिन्यातील काही दिवस आपली विद्या निर्मोल वेचली, तरी पुष्कळ अडलेल्यांची वाट मोकळी होईल.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांनी पंथाचे ग्रंथ शतकानुशतके राखले. ते राखणे आवश्यक होते. आज मात्र या लिप्या अस्खलित वाचणारे थोडे आहेत आणि त्यांतील कित्येक वृद्ध आहेत. ज्या कुलुपाची किल्ली एकाच्याच हाती आहे, त्याच्यामागे ते कुलूप भिंत होते. म्हणून ज्या भिक्षुकाला लिपी येते त्याने एखादा तरी तरुण जवळ बसवावा. ज्याला सूत्रांचे प्रकरण लागते त्याने ते अधिकारी जिज्ञासूस सांगावे. ज्याच्या मठात पोथ्यांची पेटी आहे त्याने निदान ती उघडून वाळवी पाहावी, आणि ज्या तरुणाला छायाचित्रणाची नवी साधने हाताळता येतात त्याने महंतांच्या अनुज्ञेने त्या पोथ्यांच्या प्रती उतरून घ्याव्यात. मात्र जे स्वतःस उमगले नाही ते सांगू नये. अपुऱ्या ज्ञानाचे निरूपण ही सेवा नव्हे. त्याने ऐकणाऱ्याचा विकल्प वाढतो.

कर्माने आलेला गुण देहाबरोबर जाईल. तो दुसऱ्याच्या उपयोगी पडला असेल तर त्याचे काम मागे उरेल, आणि तो ज्या हेतूने वेचला त्या हेतूची जाण ठेवणारा परमेश्वर कृपाळू आहे. त्या कृपेची आस धरून प्रत्येकाने आपल्या घरातील दोर आज खाली काढावा.