म्हातारी मेल्याचें दुःख

“म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो,” ही म्हण आपल्या बोलण्यांत इतकी रुळून गेली आहे कीं तिच्या पूर्वार्धाकडे थांबून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. शेजाऱ्यानें न विचारतां कुंपणाचा खांब हातभर पुढें सरकविला, कारकुनानें टपालखर्चाचे चार रुपये खिशांत टाकले, कीं आपण ही म्हण पुढें करतों. आणि त्या वेळीं तिच्यांत एक म्हातारी खरोखरच मेलेली आहे हें आपल्या ध्यानींमनींहि नसतें. म्हण रचणारानें तिला नांव दिलें नाहीं, ती कशानें मेली तें सांगितलें नाहीं, तिच्यामागें कोणी रडलें कीं नाहीं याचीहि वास्तपुस्त केली नाहीं. तिच्या मरणाला महत्त्व आहे तें उद्यां येणाऱ्या संकटाची सूचना म्हणून. एरवीं, वय झालें होतें, गेली. मनुष्यवधांत वाईट तें नेमकें काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे, आणि या म्हणीनें त्याचें एक उत्तर गृहीतच धरलें आहे. तें उत्तर कितपत खरें, याचा विचार करण्यास आम्हांस निमित्त झालें तें एका इंग्रजी रहस्यपटाचें.

‘मिडसमर मर्डर्स’ ही दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाची मालिका आपल्याकडेहि कांहीं घरांतून आवडीनें पाहिली जाते. तिचा पहिला भाग इंग्लंडांत आयटीव्हीवर २३ मार्च १९९७ रोजीं दाखविण्यांत आला. कॅरोलाइन ग्रॅहॅम या लेखिकेच्या १९८७ सालच्या ‘द किलिंग्ज ॲट बॅजर्स ड्रिफ्ट’ या कादंबरीवरून अँथनी हॉरोविट्झ यांनीं तो रचला, आणि जॉन नेटल्स यांनीं त्यांत मुख्य इन्स्पेक्टर बार्नबीचें काम केलें. मिडसमर हा परगणा कल्पित आहे. गवतानें शाकारलेलीं घरें, गुलाबांचे ताटवे, जुनें दगडी चर्च, आणि या साऱ्या रमणीयतेंत दर भागागणिक दोनतीन मुडदे, असा तेथील क्रम. पंचवीसांहून अधिक वर्षांत तेथें इतके खून पडले आहेत कीं खऱ्या परगण्यांत असें घडतें तर शेतसारा भरावयासहि कोणी उरला नसता! इंग्रज कवि ऑडेन यानें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत अशा कथांच्या गोडीचें मर्म उलगडून दाखविलें आहे. निष्पाप दिसणाऱ्या स्थळीं पाप घडतें, मग सगळ्यांवरच त्याची छाया पडते, आणि एक अपराधी वेगळा काढला कीं बाकीचे पुन्हां निष्पाप ठरतात. त्यांच्यासंगें वाचकाचें मनहि धुऊन निघतें. विवेचन मार्मिक आहे. पण या देवघेवींत मेलेल्या माणसाला कोठें जागा दिसत नाहीं. म्हणींतल्या म्हातारीप्रमाणेंच तेंहि निमित्तापुरतें मेलेलें असतें.

बॅजर्स ड्रिफ्टच्या कथेंत निदान आरंभीं तरी असें होत नाहीं, आणि म्हणूनच ती आमच्या मनांत राहिली. एमिली सिम्प्सन ही त्या खेड्यांतील एक वृद्ध, अविवाहित बाई. रानांत एक दुर्मिळ ऑर्किड उमलतें, त्याच्या शोधांत ती जाते. या फुलझाडाला हिरवें पान नसतें. बीचवृक्षांच्या गडद सावलींत, कुजलेल्या पाल्यांतून तें एकाएकीं वर येतें, आणि मग वर्षानुवर्षें दर्शन देत नाहीं. तें आधीं कोणाला सांपडतें याविषयीं एमिली आणि तिची मैत्रीण ल्यूसी बेलरिंगर यांची जुनी, गोड चढाओढ आहे. त्या दिवशीं मात्र एमिलीच्या दृष्टीस फुलाहून निराळें कांहीं पडतें: आडरानांतलें एक जोडपें, जें तेथें तसें असावयास नको होतें. तीं दोघें कोण, हें गुपित आम्ही येथें फोडीत नाहीं. ज्यांनीं तो भाग पाहिला नसेल त्यांचा विरस करण्यांत काय हंशील? ती घाबरून घरीं पळते, आणि लवकरच मरून पडलेली आढळते. म्हातारें माणूस, एकटें राहणारें. गांवच्या डॉक्टरास त्यांत वावगें असें कांहीं दिसत नाहीं.

आपल्याकडे वृद्ध माणूस हातपाय चालतां चालतां गेलें कीं ‘सोनें झालें’ असें म्हणण्याची रीत आहे. हा शब्द आम्हांस वाईट वाटत नाहीं. त्यांत मागें राहिलेल्यांचें समाधान आहे आणि गेलेल्यावरची मायाहि आहे. पण तो एकदां उच्चारला गेला कीं पुढचे सगळे प्रश्न खुंटतात. ल्यूसी बेलरिंगर हा शब्द ओठांवर येऊं देत नाहीं, एवढाच तिचा पराक्रम. ती उठते आणि पोलीसठाण्यावर जाऊन सांगते कीं माझ्या मैत्रिणीचें मरण आपोआप आलेलें नाहीं. तिच्याजवळ पुरावा म्हणावा असा फारसा नाहीं. आहे ती ओळख. एमिली काय करी आणि काय कधींच करीत नसे, हें तिला ठाऊक आहे. असली साक्ष कोणत्याहि कचेरींत हंसण्यावारी नेली जाते. बार्नबीच्या हाताखालच्या तरुण सार्जंटालाहि ती म्हातारपणाची लहरच वाटते. बार्नबी मात्र शांतपणें ऐकून घेतो. पुढें तो जी बुद्धिमत्ता दाखवितो तिच्यापेक्षां हें ऐकून घेणें आम्हांस अधिक मोलाचें वाटलें.

आतां कोणी असें म्हणेल कीं ऐंशीच्या घरांतील बाईचें गेलें तें काय? चार वर्षें, फार तर सहा. वध म्हणजे पुढील आयुष्याची चोरी असें धरलें, तर तरुणाचा वध मोठी चोरी आणि वृद्धाचा किरकोळ, असा हिशेब सरळच निघतो. हा हिशेब कांहीं राक्षसाचा नव्हे. बुडत्या जहाजावरील होडींत एकच जागा उरली असेल तर ती मुलाला द्यावी, असें आपण सर्व म्हणूं, आणि बहुधा म्हातारी स्वतःच सर्वांच्या आधीं म्हणेल. परंतु येथें दोन गोष्टींची गल्लत होते. हानीचें माप निराळें आणि अन्यायाचें माप निराळें. म्हातारीनें आपली जागा देणें हें तिचें औदार्य. तिचे दिवस थोडे उरले म्हणून दुसऱ्यानें ते आपल्या सोयीसाठीं घेणें, यांत कोणतेंहि औदार्य नाहीं, कारण जें द्यावयाचें तें तिचें होतें. गरिबाच्या गांठीला दोनच रुपये होते, म्हणून ते चोरणाराचा अपराध हलका ठरत नाहीं. आणि उरलेले दिवस थोडे असले म्हणून ते कमी हवेसे असतात, हें तरी कोणी ठरविलें? एमिलीला त्या वर्षींचें तें फूल पाहावयाचें होतें, आणि पाहून तें ल्यूसीला सांगावयाचें होतें. ल्यूसीला खिजवावयाचेंहि असेल.

हा हिशेबीपणा कोठपर्यंत जातो तें दस्तयेव्हस्की यानें १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरींत कायमचें दाखवून ठेवलें आहे. गहाणवटीवर पैसे देणारी एक म्हातारी. आजारी, खाष्ट, कोणालाच नको असलेली. एका खानावळींत एक विद्यार्थी म्हणतो कीं तिचें एक मरण आणि तिच्या पैशांनीं वांचणारे शंभर जीव, हें साधें अंकगणित आहे. तो बोलून मोकळा होतो. शेजारीं बसलेला रास्कोल्निकॉव्ह तें उचलतो. पुढें कुऱ्हाड चालते त्या वेळीं म्हातारीची गरीब स्वभावाची सावत्र बहीण अवचित येऊन उभी राहते, आणि तीहि मारली जाते. अंकगणितांत तिचा आंकडा नव्हता. बॅजर्स ड्रिफ्टमध्येंहि असेंच होतें. शेजारची एक बाई दुर्बीण लावून साऱ्या गांवावर पाळत ठेवणारी. तिचा मुलगा प्रेतसंस्काराचा धंदा करणारा. मायलेकांना जें कळलें त्याचे त्यांनीं पैसे करूं पाहिले, आणि दोघेंहि प्राणांस मुकलीं. एमिलीनें नकळत पाहिलें, यांनीं मुद्दाम पाहिलें. मारणाराच्या लेखीं फरक शून्य.

येथून पुढें मात्र हा चित्रपट आपल्या आरंभाशीं इमान राखीत नाहीं, असें आम्हांस वाटतें. रानांतल्या जोडप्याचें रहस्य इतकें दाहक निघतें कीं तें उघडतांना एमिली कोणाच्या आठवणींत राहत नाहीं. पाहणाराच्या तोंडून शेवटीं जो निःश्वास निघतो तो त्या दोघांसाठीं. रहस्यकथेचा हा स्वभावच आहे. खुनी मनोरंजक असतो, मेलेला नसतो. त्याबद्दल लेखकाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. पण आपण, पाहणारे, कोणाकडे पाहत राहिलों याचा हिशेब आपल्याच नांवावर लागतो.

हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असें कोणी म्हणूं नये. हा भाग इंग्लंडांतील घरोघर पाहिला गेला त्या सुमारास, मँचेस्टरजवळील हाइड या गांवीं हॅरॉल्ड शिपमन नांवाचा डॉक्टर आपल्या रोग्यांना एकामागून एक मारीत होता. जानेवारी २००० मध्यें न्यायालयानें त्याला पंधरा खुनांबद्दल दोषी ठरविलें; डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीमंडळानें २००२ मधील अहवालांत मारल्या गेलेल्यांची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांत बहुसंख्या वृद्ध स्त्रियांची. तो दिवसाढवळ्या त्यांच्या घरीं जाई, मॉर्फिनच्या जातीचें औषध टोंचून मारी, आणि मृत्यूचा दाखला स्वतःच लिही. लोक त्याला भला डॉक्टर म्हणत. घरीं येऊन विचारपूस करणारा डॉक्टर आजकाल मिळतो कोठें?

संशय आला होता तो थोड्या सामान्य माणसांना. बॅजर्स ड्रिफ्टच्या कथेंत प्रेतसंस्कार करणारा मुलगा गुपितें विकीत होता. हाइडमध्यें त्याच धंद्यांतील लोकांच्या लक्षांत आलें कीं या डॉक्टराचीं रोगी माणसें फार मरतात, आणि अंगावर नेहमींचे कपडे असतांना, खुर्चींत बसल्या बसल्या मरतात. जवळच्या दुसऱ्या दवाखान्यांतील डॉक्टरीणबाईंनीं मार्च १९९८ मध्यें ही गोष्ट मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास, म्हणजे कॉरोनरास, कळविली. पोलिसांनीं वरवर तपास करून एप्रिलांत प्रकरण मिटविलें. त्यानंतर सप्टेंबरांत अटक होईपर्यंत आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. अखेर भांडें फुटलें तें एका खोट्या मृत्युपत्रावरून. मेलेल्या बाईची मुलगी स्वतः वकील होती. आईच्या नांवचा तो कागद पाहतांच तिला खोट दिसली. मरणाबद्दल ज्या यंत्रणेला शंका आली नाहीं, ती मिळकतीबद्दल येतांच खडबडून जागी झाली!

काळ सोकावणें म्हणजे काय, याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. पण तो सोकावला कां? पहिली म्हातारी गेली तेव्हां तिच्याबद्दल दुःख नव्हतें असें नाहीं. मुलेंबाळें रडलीं असतील, शेजाऱ्यांनीं फुलें आणलीं असतील. तें दुःख विचारावयास उठलें नाहीं, एवढेंच. त्याला सोनें झाल्याचें समाधान लौकर मिळालें. म्हणीनें दुःख एका बाजूला ठेवलें आणि काळाची धास्ती दुसऱ्या बाजूला, जणूं त्यांचा एकमेकींशीं संबंध नाहीं. हाइडमध्यें तो संबंध उघड दिसतो. पुढच्याच्या धास्तीनें कोणी जागें झालें नाहीं, कारण पुढचीं नांवें कोणास ठाऊक नव्हतीं. जागें होण्यासारखें जें होतें तें गेलेल्या एकीविषयींचें. आणि ल्यूसी बेलरिंगर ठाण्यावर गेली तीहि गांवावर संकट येईल म्हणून नव्हे. गांवाचें काय होईल याचा विचार तिच्या मनांत आलाच नसेल. तिला एमिलीबद्दल जाब हवा होता.

ल्यूसीमुळें शांत गांव ढवळून निघालें, घरोघरचीं लज्जास्पद गुपितें बाहेर आलीं, हें खरें. गुपितें झांकून ठेवण्याचा माणसांचा हक्क आम्हांस मान्य आहे, आणि दुर्बीण लावून बसणाऱ्या मायलेकांचा आम्हांस तिटकारा आहे. पण ज्या शांततेखालीं एक प्रेत आहे ती शांतता कोणाच्या हक्काची, हें आम्हांस कोणी सांगावें.

शिपमन प्रकरणानंतर सुधारणा करावयास इंग्लंडास फार वेळ लागला. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्यें असा नियम झाला आहे कीं जें मरण कॉरोनराकडे गेलें नसेल, त्याचें कारण उपचार करणाऱ्या डॉक्टराखेरीज दुसऱ्या एका स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकानें तपासलें पाहिजे. त्याच्या कचेरींतून मृताच्या आप्तांशीं बोलणें होतें, आणि तुमच्या मनांत कांहीं प्रश्न, कांहीं शंका आहे काय, असें त्यांस विचारण्यांत येतें. जो प्रश्न कोणी न विचारतां ल्यूसीनें ठाण्यावर नेला, तो आतां सरकारच विचारूं लागलें आहे. मात्र ल्यूसी एमिलीची आप्त नव्हती. रानांत फूल शोधण्याच्या चढाओढींतली मैत्रीण, एवढेंच तिचें नातें. अशा नात्याच्या दारीं ती विचारणा पोंचते कीं नाहीं, तें त्या त्या कचेरींतल्या माणसावर अवलंबून असणार.