अचूक नेम आणि आपली जबाबदारी

२८ व २९ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून भारताने ‘प्रलय’ नावाच्या क्षेपणास्त्राच्या लागोपाठ दोन यशस्वी चाचण्या केल्या. ज्या देशाने आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सुखाने नांदू दिले, त्या देशाची प्रगती ऐकून आम्हां बेने इस्राएलांस आनंद व्हावा यात नवल नाही. परंतु त्या नावापाशी आमचे मन जरा थबकले. प्रलय म्हटला की आपल्याला नोहा आठवतो. आणि मग एक प्रश्न मनात आला, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे अस्त्र आहे तरी काय, ते आधी थोडक्यात सांगतो. ते जमिनीवरून, फिरत्या गाडीवरून सोडले जाते. त्यात घन इंधन असते, म्हणून ते डागण्यास फार तयारी लागत नाही. त्याचा पल्ला १५० ते ५०० किलोमीटर. फेकलेला दगड ज्या वाटेने जातो त्याच वाटेने तो पडतो. हे अस्त्र मात्र वाटेत वळण घेऊ शकते, म्हणून त्याला अडविणे कठीण. आणि त्याची मोठी ख्याती म्हणजे त्याचा नेम. रशियाचे ‘इस्कंदर’ आणि आपल्या इस्राएलातले ‘लोरा’ ही त्याच जातीची अस्त्रे होत.

आता नेमाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवावयास नको. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इराकने आपल्यावर सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रे टाकली. आपण खोलीच्या फटी चिकटपट्टीने बुजवून, तोंडावर मुखवटे चढवून, पोरांना पोटाशी धरून बसलो होतो. त्या स्कडला नेम असा नव्हताच. एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे जाणे ही त्याची रीतच होती. शहराच्या दिशेने सोडून द्यायचे, मग ते कोणाच्या डोक्यावर पडेल ते त्याचे नशीब! रामात गानमध्ये पडली ती माणसांची राहती घरे. तेव्हा कोणी म्हणेल की अचूक अस्त्र हे आंधळ्या अस्त्रापेक्षा अधिक दयाळू, तर आम्ही त्यास खोटे म्हणणार नाही. शत्रूची तोफ जेथे आहे तेथेच घाव पडला, तर शेजारच्या चाळीतले बाळ वाचते.

पण येथेच विचार संपतो काय? आम्हांस तसे वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात, १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे, बगदादच्या अमिरिया भागातील एका निवाऱ्यावर अमेरिकन विमानांनी दोन बाँब टाकले. बाँब नेमाचे होते आणि नेम तसूभरही चुकला नाही. ते लष्करी ठाणे आहे असा समज होता. आत झोपली होती साधी माणसे, त्यांत कितीतरी बायका आणि मुले. चारशेहून अधिक जीव गेले. आपण आपल्या मिक्लातमध्ये मुलांना घेऊन बसत होतो, तशाच त्या आयाही बसल्या होत्या. म्हणजे यंत्र चुकले नाही, माणूस चुकला. अस्त्र हे सांगितल्या जागी जाते. ती जागा योग्य की अयोग्य, हे त्याला कळत नाही. ते सांगणाऱ्याने कळून घ्यावयाचे असते.

आपल्या ज्ञानी पुरुषांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला आहे. कोणी आग लावली आणि ती पसरून शेजाऱ्याचे शेत जळाले, तर दोष कोणाचा, असा वाद बाबा काम्मात आहे. राब्बी योहानान यांचे मत असे की ती आग म्हणजे लावणाऱ्याचा बाणच होय. बाण धनुष्यातून सुटला तरी तो मारणाऱ्याचाच राहतो. मग तो दहा हात जावो की पाचशे किलोमीटर!

दुसरा नियम सान्हेद्रिनमधला. दुसऱ्याचा जीव घेण्यास जो धावतो त्याला अडवावे. वेळ पडल्यास ठार मारूनही अडवावे. पण त्याच्या एखाद्या अवयवास इजा करून भागत असता कोणी त्याचा जीवच घेतला, तर तो स्वतः रक्तपाताचा दोषी ठरतो. या नियमाचा अर्थ नीट पाहा. ज्याला पायावर नेम धरता येत नाही, त्याला कदाचित क्षमा मिळेल. ज्याला धरता येतो, त्याला ती नाही. म्हणजे नेम जसजसा सुधारतो, तसतशी सबब कमी होते. ‘चुकून लागले’ हे वाक्य स्कडवाल्याला बोलता येत असेल. अचूक अस्त्राच्या धन्याला ते बोलता येत नाही. आम्ही अचूकपणाचा अभिमान बाळगतो, तेव्हा हा बोजाही आपण उचलला, हे किती जणांच्या ध्यानात येते?

आम्ही शस्त्रे टाकून द्या असे म्हणत नाही. अश्कलोन, अश्दोद, बेरशेबा येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना तसे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. याकोबाने एसावाला भेटण्यापूर्वी भेटी पाठविल्या, प्रार्थना केली, आणि लढाईचीही तयारी ठेवली. पण त्या रात्री तो भ्यालाही आणि दुःखीही झाला, असे तोरा सांगते. दोन शब्द का? आपल्या भाष्यकारांनी उत्तर दिले आहे: आपण मारले जाऊ म्हणून भय, आणि आपल्या हातून कोणी मारला जाईल म्हणून दुःख. पहिली भीती प्रत्येक प्राण्याला असते. दुसरी मात्र याकोबाच्या लेकरांची ओळख आहे. अस्त्र जितके अचूक, तितकी ही दुसरी भीती मनातून निघून जाण्याचा धोका मोठा, कारण हिशेब बरोबर आला की माणसाला झोप लागते.

नोहाच्या प्रलयानंतर परमेश्वराने मेघांत धनुष्य ठेविले. राम्बान यांनी दाखवून दिले आहे की त्या धनुष्याची दोन्ही टोके खाली वळलेली आहेत; आकाशातून पृथ्वीवर बाण सुटावा अशी त्याची ठेवण नाही. ज्याचा नेम कधीच चुकत नाही, त्यानेच आपले धनुष्य असे ठेविले. आपण माणसांनी निदान त्याकडे पाहून मग दोरी ओढावी, एवढेच आमचे म्हणणे.

वाचकांनी आपले मत जरूर कळवावे. शालोम.