‘फुकट’ गेलेला हप्ता



आरोग्य विम्याचा हप्ता भरला आणि वर्षभर घरात कोणी आजारी पडले नाही, तर ‘पैसे फुकट गेले’ असे आपण सहज म्हणतो. आज ह्या ‘फुकट’ शब्दाचा थोडा विचार करू या.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील ६२ वर्षांचे, खाजगी कंपनीतून निवृत्त. आईला मधुमेह. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी पाच लाखांचा मेडिक्लेम घेतला तेव्हा वर्षाचा हप्ता अकरा हजार होता. वाढत वाढत तो आता चोपन्न हजारांवर गेला आहे. वडिलांचे पेन्शन महिन्याला तीन हजार. म्हणजे वर्षाचे सगळे पेन्शन भरले तरी अठरा हजार कमीच पडतात. थोरला मुलगा म्हणाला, “पप्पा, बंद करा. चौदा वर्षे भरले, आपल्याला काय मिळाले?”

प्रश्न रास्त आहे. पण विमा म्हणजे बचत खाते नव्हे. ती अनेकांची मिळून एक पेटी आहे. ज्या वर्षी आपण निरोगी राहिलो, त्या वर्षी आपला हप्ता कोणाच्या तरी डायलिसिसला, कोणाच्या तरी ऑपरेशनला लागला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, एवढेच. चांगल्या शोमरोन्यालाही जखमी माणसाचे नाव ठाऊक नव्हते. तरी त्याने उतारशाळेत पैसे ठेवले आणि पुढच्या खर्चाची हमी घेतली.

मग वय वाढेल तसा हप्ता वाढवणे अन्यायाचे आहे काय? संत थॉमस अक्विनस ह्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे न्यायाचे दोन प्रकार मानले: देवघेवीचा आणि वाटपाचा. देवघेवीच्या न्यायाने कंपनीचे गणित चुकीचे म्हणता येत नाही. सर्वांना एकच हप्ता लावला तर तरुण बाहेर पडतील, मागे आजारीच उरतील आणि पेटी रिकामी होईल. पण ह्याच गणिताने, कमाई थांबते त्या वयात माणसावर सर्वांत जड ओझे येते. म्हणून देवघेव पुरत नाही, तिथे वाटपाचा न्याय हवा.

हा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात आजारपण आणि म्हातारपणासाठी कामगारांच्या सामाईक निधीचा पुरस्कार केला. पोप योहान तेविसावे ह्यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय उपचार हा माणसाचा हक्क म्हणून नोंदवला. आपल्या राज्याने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्वांना खुली करून कुटुंबामागे पाच लाखांची मर्यादा ठरवली. २०२४ मध्ये केंद्राने सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. ह्या गोष्टी म्हणजे दानधर्म नव्हे, न्याय आहे. तो मागून घेण्यात कमीपणा नाही.

परंतु सरकारचे कर्तव्य सांगून घरचे कर्तव्य संपत नाही. त्या कुटुंबात तीन भावंडे आहेत, तिघेही कमावते. चोपन्न हजारांचे तीन भाग केले तर प्रत्येकाला महिन्याला दीड हजार पडतात. आणि पॉलिसी एकदा तुटली की नव्या पॉलिसीत आईच्या मधुमेहासाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ‘आपल्याला काय मिळाले?’ ह्या प्रश्नाऐवजी ‘आता उचलण्याची पाळी कोणाची?’ असे विचारले, की उत्तर घरातच सापडते.

म्हणून आमची विनंती आहे: हप्ता बंद करण्याआधी भावंडांनी एकत्र बसावे. फॉर्म भरताना जुना आजार लपवू नये. ती पेटी इतरांचीही आहे. आणि ज्या म्हाताऱ्यांना मूलबाळ नाही, त्यांचे कार्ड काढून देण्यासाठी आपल्यातील तरुणांनी त्यांच्यासोबत एक सकाळ रांगेत उभे राहावे. ती सकाळ फुकट जाणार नाही.