इसार

दाजींनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा ताई हळूच म्हणाली, "आणि त्या माणसाला काय सांगायचं?"

समोरच्या विक्रेत्याला मराठी कळायचं कारण नव्हतं. तो फॉर्म भरत राहिला. आम्ही बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात होतो. विमानतळाला खेटून असलेल्या त्या अवाढव्य दालनांमध्ये दर ऑक्टोबरात मोटरहोम आणि कॅरॅव्हॅनचं प्रदर्शन भरतं. ताई-दाजींना त्यांचं पहिलं मोटरहोम घ्यायचं होतं. दोघांनीही इंग्लंडमधल्या इस्पितळांत वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या. आता स्कॉटलंडच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, घड्याळाकडे न बघता, वाटेल तिथे थांबत फिरायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. किंमत सत्तर हजार पौंडांच्या घरात. प्रदर्शनाची सूट 1,800 पौंड, तीही रविवार संध्याकाळपर्यंतच. इसार एक हजार.

"तो माणूस" म्हणजे त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावरचा डीलर. तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी, भर पावसात, त्याने या दोघांना अख्खी दुपार दिली होती. पलंग कसा ओढायचा, गॅसची टाकी कुठे बसते, सांडपाणी कुठे सोडायचं, थंडीत नळातलं पाणी गोठू नये म्हणून काय करायचं, सगळं एकेक करून दाखवलं. आणि ज्या मॉडेलवर दोघांचा जीव जडला होता, ते घेऊ नका असं त्यानेच सांगितलं.

कारण वजनाचं होतं. दाजी ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले 2001 साली. 1997 उजाडायच्या आधी पास झालेल्यांना तिथे साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. नंतरच्यांच्या साध्या परवान्यावर अशा डिझेल मोटरहोमची मर्यादा 3,500 किलो. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन गेलं की उरतं ते तुमच्या सामानाचं. गाडीच्या वजनात 75 किलोचा चालक धरलेला असतो, शेजारी बसणारी बायको धरलेली नसते. पाण्याची टाकी पुष्कळदा जवळजवळ रिकामीच धरतात, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बाजूला उघडणारं कापडी छत, सोलर पॅनेल, जादा बॅटरी, मागे टांगलेल्या दोन सायकली, जे जे हौसेने बसवाल ते त्यातूनच वजा होतं. "काय काय नेणार त्याची यादी करा, मग या," असं सांगून त्याने एक दुसरं, जास्त भार पेलणारं मॉडेल सुचवलं. विक्री हातातोंडाशी आलेली असताना खरं बोलणारा माणूस होता तो.

प्रदर्शनात सही व्हायची होती ती त्याने सुचवलेल्या त्याच मॉडेलवर.

प्रदर्शनाबद्दल माझ्या मनात आकस नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला ते मोठं विद्यापीठच आहे. त्या एका दिवसात ताई बूट काढून बारा गाड्यांमधल्या पलंगांवर आडवी झाली. न्हाणीघराचं दार लावून गुडघे भिंतीला टेकतात का ते पाहिलं, ओट्यापाशी उभी राहून कुकर कुठे ठेवायचा ते ठरवलं. बारा प्रकारची घरं शेजारी शेजारी कुठल्याच डीलरच्या आवारात सापडायची नाहीत. बघायला, तुलना करायला, आपल्याला काय नको ते समजायला तिथे जरूर जावं.

पण सही करताना आपण कुणाशी करार करतो, हे त्या झगमगाटात दिसत नाही. स्टॉलवर पाटी कंपनीची असते आणि पावतीवर नाव पुष्कळदा एखाद्या डीलरचं. आमच्या फॉर्मवरचा डीलर ताईच्या घरापासून तीनशे किलोमीटरवरचा होता. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सदोष निघाली तर 30 दिवसांत ती नाकारता येते, पण ती ज्याने विकली त्याच्याकडे. आणि मोटरहोम ही खरं तर दोन वस्तूंची एक वस्तू. खालची गाडी फियाट किंवा फोर्डची, वरचं घर दुसऱ्याच कंपनीने बांधलेलं, दोन्हींच्या हमीचे कागद वेगळे. या घराचा मोठा शत्रू म्हणजे ओल. सांध्यातून पाणी शिरलं की भिंत आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा ओलीची तपासणी करून घ्यावी लागते. ती चुकवली तर ओलीची हमीच जाऊ शकते. म्हणजे विकणाऱ्याशी आपलं नातं पैसे दिल्यावर सुरू होतं. कितीतरी वर्षं त्याच्या दारात जायचं असतं.

मागे फिरायची वाटही प्रदर्शनात अरुंद असते. बर्लिनच्या 'ग्र्यूने वोखे' या जत्रेत जानेवारी 2015 मध्ये एका ग्राहकाने 1,600 युरोंचा वाफेवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. दुकानाबाहेर झालेल्या खरेदीला युरोपात 14 दिवसांत करार मोडायची मुभा असते. जत्रेतला स्टॉल हे दुकान की दुकानाबाहेरची जागा, हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 2018 साली न्यायालय म्हणालं की इथे लगेच सौदा करायला सांगतील असा अंदाज साधारण जागरूक ग्राहकाला येऊ शकत असेल, तर तो स्टॉल दुकानच. मग ती मुभा उरत नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात मात्र, ग्राहकाला मधल्या वाटेवर गाठून लगोलग स्टॉलवर सौदा केला असेल तर ती मुभा राहते, असं ठरलं. ब्रिटनचे 2013 चे नियम त्याच युरोपीय निर्देशावर बेतलेले आहेत. आपण खुर्चीत बसून विचारलं की वाटेत कुणी हटकलं, एवढ्या चार पावलांवर माणसाचा पस्तावा मान्य की अमान्य ते ठरतं. हे वाचल्यापासून मला त्या फॉर्मकडे निवांतपणे बघता येत नाही.

आमचे आजोबा बैल घ्यायचे तेव्हा जत्रेतल्या बाजारात दोन-दोन दिवस हिंडायचे. दात मोजायचे, बैल चालवून बघायचे, भाव कानावर घालून घ्यायचे. पण इसार द्यायचे पंचक्रोशीतल्याच कुणाच्या तरी दावणीवर. खोड निघाली तर कुणाच्या दारात जायचं, हा त्यांचा एकच प्रश्न असे. हेडी उद्या दुसऱ्या गावच्या बाजारात असायचा.

ताईचा प्रश्न मात्र याहून वेगळा होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तिला स्वतःच्या नुकसानीची काळजी नव्हती. त्या माणसाची शनिवारची दुपार आपण खाल्ली, त्याचं ज्ञान घेऊन इथे आलो, आणि पैसे दुसऱ्याला देतोय, हे तिला टोचत होतं. अठराशे पौंड वाचवण्यात गैर काही नाही. कुणासाठी तो महिन्याचा पगार असतो. ज्याला सूट हवी आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण मग प्रश्नही त्या सूट देणाऱ्यालाच विचारावेत. दुकानात बूट घालून बघायचे आणि फोनवरून स्वस्तात मागवायचे, हे आपण इतकं सहज करू लागलो आहोत की त्यात कुणाचा तरी वेळ खर्ची पडला, हे मनातही येत नाही. प्रामाणिक सल्ला देणारा हा व्यवहारात कायम तोट्यातच राहणार असेल, तर उद्या प्रामाणिक सल्ला मिळेल कुठून?

दाजींनी कार्ड परत खिशात ठेवलं. थोडे रागावलेच होते. सोमवारी त्यांनी डीलरला फोन केला आणि काहीही न लपवता सांगितलं: आम्हाला असा असा भाव मिळतो आहे. तो म्हणाला, मला तेवढं परवडणार नाही, चारशे कमी करीन. गाडी ताब्यात घ्याल त्या रात्री इथे माझ्याच आवारात झोपा, म्हणजे जे चालणार नाही ते सकाळी मला सांगता येईल. आणि तिथून घेतलीत तरी दुरुस्तीला आणा, फक्त माझ्या गिऱ्हाइकांचा नंबर आधी लागेल.

चौदाशे पौंड जास्त देऊन त्यांनी गाडी त्याच्याकडून घेतली. दाजींना तो आकडा अजून आठवतो, ते बोलूनही दाखवतात.

मार्चमध्ये ताईने एक फोटो पाठवला. पहिल्या प्रवासाला निघण्याआधी पूर्ण भरलेली गाडी काट्यावर घाला, असं डीलरने बजावलं होतं. फोटो त्या वजनकाट्याच्या पावतीचा होता. आकडा 3,420. खाली तिने लिहिलं होतं, "पाण्याची टाकी भरून, आणि मी शेजारी बसून."